कुशाबाचं धुरांडं

मालनच्या खानावळीत जेवणाऱ्याला आमटी खारट लागली, तर ती मिठाने की त्याच्याच डोळ्यांतल्या पाण्याने, हे सांगता येत नसे. लालबागच्या चाळीतली तळमजल्यावरची एक खोली, खोलीत एक चूल, आणि तिच्यावर गिरणीतल्या कोकणी गड्यांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक. धुराला बाहेर पडायला मागची एक खिडकी होती, आणि बरोबर तिच्या डोक्यावर मीराबाईची खिडकी. म्हणजे धूर काढायचा मालनने आणि खायचा मीराबाईने, अशी वाटणी होती.

मीराबाई मुकाट्याने सोसणाऱ्यांतली नव्हती. वाळत घातलेलं लुगडं काळं पडलं की ती ते खिडकीतून खाली सोडून मालनच्या नाकासमोर हलवायची. शेवटी तिने घरमालकाच्या मेहत्याला गाठलं. हा मेहता चाळीत भाडं गोळा करायला यायचा आणि त्याबरोबर दम द्यायचं कामही करायचा. त्याने मालनला सांगून टाकलं, "पुन्हा धूर वर गेला तर चूल बंद. खोली राहण्यासाठी दिलीये, हाटेलासाठी नाही."

मालनचा नवरा गणपत गिरणीतला कापूस छातीत भरून घेऊन गावी खाटेवर पडला होता. त्याचं औषध आणि पोरांची शाळा याच चुलीवर शिजत होती. चूल बंद म्हणजे गावची मनिऑर्डर बंद. त्यापुढचं मालनला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हा कुशाबा पुढे झाला. कुशाबा गिरणीत फिटर आणि मालनकडचा जुना जेवणारा. त्याला जगातलं सगळं येत होतं. निदान एखादी गोष्ट येत नाही असं त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. त्याने कुठून तरी पत्रा पैदा केला आणि चुलीवर टांगायला भलंमोठं उपडं नरसाळं ठोकून काढलं, वर नळकांडं लावून. पहिल्यांदा ते इतकं खाली टांगलं की भाकरी उलटताना मालनचं कपाळ त्याच्यावर आपटलं. तिने कुशाबाच्या सात पिढ्यांची विचारपूस केली, तेव्हा ते हातभर वर गेलं. मग नळकांड्याला त्याने शोभेसाठी दोन वळणं दिली. धुराला ती वळणं मानवली नाहीत आणि तो आल्या वाटेने खोलीत परतला. कुशाबाने दोष धुराला दिला. अखेर नळकांडं भिंतीतून बाहेर काढून सरळसोट वर, मीराबाईच्या खिडकीच्या बाजूने थेट कौलांच्या वर नेलं. पुढचं दार उघडं ठेवून चूल पेटवली आणि धूर शिस्तीत वर निघून गेला.

मीराबाईला काही दिवस काय करावं तेच सुचेना.

"आतनं तेलकट काजळी धरते," कुशाबाने ताकीद दिली. "दर आठवड्याला खरवडून सोड्याने धुवायला हवं. नाहीतर एक दिवस पेटेल. पण ते मी करणार. फिटरच्या कामाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, वैनी."

हा गिरणीचा कायदा, आणि गिरणीत तो बरोबरच आहे. तिथे भलत्याने भलतीकडे हात घातला तर बोटं जातात. चुलीवरच्या पत्र्याला तो कशाला, हे मालनला कळलं नाही. पण कुशाबा खरंच दर रविवारी स्टुलावर चढून खरवडायचा, त्यामुळे ती काही बोलली नाही.

आणि मग संयुक्त महाराष्ट्र पेटला. कुशाबा सत्याग्रहाच्या तुकडीत गेला, ऐटीत पकडला गेला आणि तुरुंगात जाऊन बसला. खानावळीची छाती फुगली. आपल्या पंगतीतला माणूस आत गेलाय! सीताराम विणकराला वाटलं, त्याच्या फोटोला हार घालावा. पण कुशाबाचा फोटो जन्मात कुणी काढला नव्हता. सीतारामने इकडेतिकडे पाहिलं आणि झेंडूचा हार धुरांड्याला घातला. सगळ्यांनी "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" अशी घोषणा दिली आणि मग भात वाढायला सांगितला.

दर रविवारी नवा हार येऊ लागला. जुना काढायचा कुणाला धीर होईना. जिवंत माणसाचा हार उतरवणं अशुभ, असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. हारावर हार चढले. खालचे वाळून कुरकुरीत झाले आणि धुरांड्याच्या काठावरून ओघळणारं काळं तेल पीत बसले.

एका रविवारी मालनने पदर खोचला, हातात उलथनं घेतलं आणि ती स्टुलावर चढली.

"वैनी!" सीतारामने भाकरीचा तुकडा ताटात टाकला. "तो आपल्या सगळ्यांसाठी तुरुंगात बसलाय, आणि तू त्याच्या कामात हात घालतेस?"

"अरे, तेल गळतंय त्यातनं."

"गळू दे. तो आल्यावर बघेल. त्याने सांगितलंय ना, दुसऱ्याने हात लावायचा नाही म्हणून?"

सगळी पंगत जेवायची थांबली आणि मालनकडे बघू लागली, जणू तिने मुंबई गुजरातला देऊन टाकली. मालन खाली उतरली. जेवणाऱ्यांशी भांडून खानावळ चालत नाही. पण त्या रात्री तिला स्वतःचाच राग आला. घरची चूल आपली, आणि तिच्यावर हात ठेवायला परवानगी पंगतीची!

कुशाबा सुटायच्या दिवशी सगळ्यांनी फर्मान काढलं, कोंबडी-वडे झालेच पाहिजेत. गडी झेंडे घेऊन त्याला आणायला गेले. मदतीला म्हणून सीताराम मागे राहिला, म्हणजे वडे चाखायला. मालनने मोठ्या कढईत तेल तापत ठेवलं आणि पहिला वडा सोडला.

वरून काजळीच्या तेलाचा एक थेंब कढईत पडला आणि कढईतलं तेल उसळून चुलीत सांडलं. भडका उडाला, हाराला लागला आणि हारावरून धुरांड्याच्या पोटात शिरला. आत घों घों आवाज सुरू झाला.

सीतारामने पाण्याची कळशी उचलली.

"पाणी नको, मेल्या! तेल आहे ते!" मालनने झाऱ्याचा एक सणसणीत तडाखा त्याच्या मनगटावर दिला. कळशी खाली आली. तिने परात आडवी धरून कढईवर सारली, लाकडं ओढून काढून राखेत दाबली. कढई विझली. धुरांडं मात्र घोंघावतच होतं.

इतक्यात मीराबाई दारात उभी. हातात भिजवून पिळलेलं गोणपाट. "टोक धर गो!" ती ओरडली. दोघींनी ते धुरांड्याच्या तोंडावर खालून घट्ट ताणून धरलं. बोटं भाजत होती, तरी सोडलं नाही. हवा तुटली तसा आवाज मरत गेला. खोलीभर धूर कोंडला, दारातून, खिडकीतून, जिथून वाट मिळेल तिथून वर गेला.

आणि त्याच धुरातून "झालाच पाहिजे" करत कुशाबा गड्यांच्या खांद्यावर बसून आला. त्याच्या मागोमाग मेहताही आला. तो भाड्यासाठी चाळीतच होता.

"धूर कुठून आला?" मेहत्याने मीराबाईलाच विचारलं. "बोला. तक्रार तुमचीच होती."

मालनला डोळ्यांसमोर गणपतची खाट दिसली. मीराबाईचं तोंड काजळीने माखलं होतं. तिने मालनकडे पाहिलं, मग झेंडे घेतलेल्या गर्दीकडे.

"ह्यांनी पुतळा जाळला," ती म्हणाली.

"खोलीत?"

"बाहेर पोलीस असतात."

मेहत्याने गर्दी पाहिली. गर्दीने मेहता पाहिला. मेहता भाडं न मागताच जिना चढून गेला.

"तुझ्यासाठी नाही हो धावले," मीराबाई मालनला म्हणाली. "वर मीच आधी भाजले असते. पुढल्या वेळी मीच मेहत्याला हाक मारीन."

कुशाबा खांद्यावरून उतरला. त्याच्या धुरांड्याला जळक्या दोऱ्या लोंबत होत्या. "हे हार कुणी चढवले?" तो म्हणाला. "मी सांगून गेलो होतो, हात लावायचा नाही म्हणून!"

"होय," मालन म्हणाली. "आणि कुणी लावला नाही. उलथनं घेऊन मी चढले होते, तर मलाही खाली उतरवली."

सीताराम मनगट चोळू लागला. कुशाबाने वर पाहिलं, धुरांड्याच्या आतली जाड, काळी, फुटलेली पापडी पाहिली, आणि म्हणाला, "मी तुला शिकवायला हवं होतं, वैनी. कसं घासायचं ते."

"घासायला मला शिकवणार?" मालनचा आवाज चढला. "तुम्हा सगळ्यांची उष्टी ताटं कोण घासतं? तू तुरुंगात बसलास, तुझा मान मोठा. पण तुझा मान राखायला ह्यांनी माझी चूल पणाला लावली, आणि मी लावू दिली. तुमच्या तोंडाकडे बघून गप्प बसले. आता नाही बसायची. माझ्या चुलीवर काय टांगायचं, काय काढायचं, ते मी ठरवणार. ज्याला पटत नाही त्याने दुसरी खानावळ बघावी."

कुणीच दुसरी खानावळ बघायला निघालं नाही. पत्रा निवल्यावर मालन स्टुलावर चढली. कुशाबाने गळ्यातले हार काढून ठेवले आणि खाली पोतं धरून उभा राहिला. काजळीचे पापुद्रे त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडत होते. मालन एकेक खरवडत राहिली, सावकाश, पूर्ण साफ होईपर्यंत. मग सोड्याचं पाणी, मग कोरडं फडकं.

वडे झाले नाहीत. उरलेल्या विस्तवावर पेज झाली. सगळे रांगेने बसले, सत्याग्रही कुशाबा मधोमध. मालनने ताटं मांडली, पहिलं ताट मीराबाईच्या पुढ्यात ठेवलं, दुसरं स्वतःच्या, आणि दोघी जेवायला बसल्या. पंगत वाट बघत राहिली.