ओट्याजवळची सावली

नवरा वारल्यावर त्याचं काम वहिनीने हाती घेतलं. लोकांच्या घरात ओटा कुठे, कपाट कुठे, खिडकीतून ऊन कुठवर येईल, हे सगळं आधी पडद्यावर करून दाखवायचं. कॉम्प्युटर त्याचाच होता, जुना. खोली जरा फिरवली की चित्र अडकायचं आणि समोरचं गिऱ्हाईक जांभया द्यायचं.

"त्या बिचाऱ्याचा दोष नाही," नणंद म्हणाली. ती कॉम्प्युटर दुरुस्त करायची; चाळिशी उलटली तरी घरात तिला सगळे बेबीच म्हणत. "चित्र काढायचं कामही मुख्य बोर्डच ओढतोय. रांधायचं त्यानेच, वाढायचंही त्यानेच. वेगळं ग्राफिक्स कार्ड घालू, मग बघ."

दुपारी तिने कॉम्प्युटरचा डबा उघडला, धूळ फुंकली आणि कार्ड खाचेत ठेवून अंगठ्यांनी दाबलं. खट्‌ झालं. मग पडद्याची वायर जुन्या जागेवरून काढून तिने कार्डाला जोडली. "ही वायर लोक हमखास जुन्याच जागी ठेवतात. मग कार्ड आत जावयासारखं नुसतं बसून राहतं."

वहिनीने एका बाईंच्या स्वयंपाकघराचं चित्र उघडलं. ते झरझर फिरलं. फरशीवर ऊन पडलं, नळ चकाकला. आणि ओट्यामागच्या भिंतीवर एका माणसाची सावली उभी होती.

"माणूस कशाला ठेवलास?" बेबीने विचारलं.

"मी माणसं ठेवत नाही."

दोघींनी शोध शोध शोधलं. चित्रातलं सामान एकेक करून लपवलं, सूर्यही बंद केला. खोली अंधारली, सावली तशीच राहिली. एक हात कमरेवर, मान किंचित डावीकडे. पाठ दुखायची म्हणून घरातलं एकच माणूस असं उभं राहायचं. त्याचं नाव दोघींनीही घेतलं नाही.

"कार्डच खराब असेल," बेबी म्हणाली. तिने वायर परत जुन्या जागी लावली. सावली गेली. कार्डाला लावली, की हजर.

ती कार्ड तपासायला घरी घेऊन गेली. आठवडाभराने परत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. "माझ्याकडे काही दिसलं नाही गं. सगळी चित्रं उघडून पाहिली. सख्खी बहीण मी, वहिनी."

वहिनीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "बसव परत इथेच."

त्या स्वयंपाकघराच्या मालकीणबाई आल्या, तेव्हाही सावली भिंतीवर होतीच. बाईंनी चष्मा पुसून पाहिलं. "हा कोण?"

"उंचीचा अंदाज यावा म्हणून ठेवतात," वहिनी कशीबशी म्हणाली.

"मग ओटा उंच करा. बघा की, किती वाकावं लागेल बिचाऱ्याला. माझा मुलगाही असाच ताडमाड आहे." आणि उठताना म्हणाल्या, "पण शेवटच्या चित्रातून याला काढा हं. परका माणूस स्वयंपाकघरात नको."

त्या गेल्यावर बेबी हळूच म्हणाली, "आपल्या घराचं चित्र आहे ना? दादाने केलेलं?"

होतं. तो गेल्यापासून वहिनीने ते उघडलं नव्हतं. आता उघडलं. हीच खोली, हेच टेबल, हीच खिडकी. दोघी एकमेकींना खेटून बसल्या आणि चित्रात खोलीखोलीतून फिरल्या. झोपायची खोली, न्हाणीघर, माळा. सगळीकडे स्वच्छ ऊन. कुठेच कुणी नाही.

"इथे नाहीये," बेबी म्हणाली. 

"चित्रात नाहीये," वहिनी म्हणाली.

मागे वळून बघायला बराच वेळ कुणी धजलं नाही. शेवटी वहिनी वळली. खोली नेहमीसारखीच होती. खुर्ची, खिडकी, भिंतीवर दोघींच्याच सावल्या.

त्यानंतर ती सावली कुठल्याच चित्रात पडली नाही. कार्ड अजून छान चालतं, गिऱ्हाइकं जांभया देत नाहीत. फक्त संध्याकाळी काम आटोपलं, की वहिनी दिव्याच्या बटणावर हात ठेवून थांबते आणि रिकाम्या खोलीला विचारते, "करू का बंद?" पहिल्यांदा बेबीला हसू आलं होतं. आता तीही दारात उभी राहते, आणि जरा वेळ दोघी वाट बघतात.