गालाच्या आतले खवले

राहीचा दुसरा दात वर येत होता आणि ती रडत नव्हती, हेच प्रणालीला खुपायला लागलं होतं.

इतरांची पोरं दात येताना घर डोक्यावर घेतात. राही मात्र दुपारी तीन-तीन तास निपचित झोपायची, उठली की उचक्या द्यायची, कधी दूध टाकायची. "आईंचा हात फिरला की पोर गप्प," असं कौतुक प्रणालीनेच आगरदांड्यात घरोघरी सांगून ठेवलं होतं. ती मुरुडला कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायची, नवरा हर्षद बोटीवर. दिवसभर राही सासूकडे. चंद्राबाई अंगणात बोंबील वाळवत आणि नातीला वाढवत.

त्या शनिवारी प्रणाली लवकर परतली. चंद्राबाई पाळण्यापाशी बसून राहीच्या हिरडीवर बोट फिरवत होत्या. मांडीशी मिश्रीची डबी उघडी.

"आई! मिश्री?"

"किंचालतंस काय गो? चिमूटभर हाय. हिरडी बधिर व्हते. तुझ्या नवऱ्यालापन लावलीच की. मेला काय तो?"

प्रणालीने राहीला उचललं, ओल्या फडक्याने तोंड पुसलं. फडक्यावर तपकिरी डाग. तशीच ती रिक्षाने दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी पोरीला नीट तपासलं. आत्ता ठीक आहे, म्हणाले, पण हे आजपासून बंद. तान्ह्या पोराला तंबाखू म्हणजे विष.

"बंद तर बंद," चंद्राबाई म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की प्रणालीचा विश्वास बसेना. सोमवारी कामावर जायचं होतं. पोर पुन्हा त्याच हातांत.

सोमवारी अकरावीचं प्रॅक्टिकल होतं, गालाच्या पेशींचं. त्याच्या तयारीसाठी तिने जुना, आरशावर चालणारा मायक्रोस्कोप घरी आणला होता. रविवारी सकाळी ओट्यावर ऊन आलं तसा तिने तो मांडला. काडीच्या बोथट टोकाने स्वतःच्या गालाचा आतला भाग हलकेच खरवडला, काचेवर पुसला, वर निळ्या रंगाचा थेंब टाकला.

"बघू तरी काय बगतंस," म्हणत चंद्राबाई आल्या. लांबची होडी ओळखायला खाडीकडे बघावं तसा त्यांनी एक डोळा मिटला. "पापड हायत गो! मधी उडदाचा दाना."

प्रणालीला हसू आलं. "तो दाणा म्हणजे केंद्रक. गालाची आतली कातडी मऊ, सदा ओली. तिच्या पेशींत तो असतोच."

"आता माझा काढ."

चंद्राबाईंनी स्वतःच गाल ओढून धरला. आत, खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याशी, जिथे तीस वर्षं मिश्री दाबून धरली होती, तिथे पांढरा, सुरकुतलेला चट्टा होता. प्रणालीची काडी तिथेच थांबली. एवढी वर्षं एका पंगतीला बसून जेवलो, आणि हे कधी दिसलं नाही.

चट्ट्यावरून हलकेच खरवडून तिने दुसरी काच केली. तिच्यावरही पापड होते, पण कोरडे, एकावर एक रचलेले. दाणा एकातही नाही.

चंद्राबाईंनी बराच वेळ पाहिलं. "उडीद कुटं गेला? हे तर खवले."

सुरमई-रावस साफ करण्यात जन्म गेलेल्या बाईला खवला कुणी शिकवायला नको होता.

"मिश्री रोज झोंबते, म्हणून गालाने कवच धरलं."

"मंग बरा की. गाल घट झाला."

"तिथे घट व्हायचं नसतं, आई. हा चट्टा नुसता जाडपणा की आणखी काही, ते मला यातून सांगता येत नाही. डॉक्टरांनाच दाखवायला हवं." राही चंद्राबाईंच्या मांडीवर मूठ चोखत होती. "आणि हिचं तर सगळंच कोवळं. पातळ कातडी, खाली लगेच रक्त. मिश्री सरळ रक्तातच."

"तिचा बघ."

प्रणालीला बघायचं नव्हतं. काही वाकडं दिसलं तर? पण सासू हलेना. शेवटी कापसाचा ओला बोळा राहीच्या गालातून फिरवला आणि काच सासूपुढे सरकवली; आधी स्वतः पाहिलं नाही.

"उडीद हाय," चंद्राबाई म्हणाल्या. मग हळूच, "समद्यांत हाय."

मग प्रणालीने पाहिलं. होता. गप्प बसली असती तरी चाललं असतं, पण राहवलं नाही. "यावरून काही सिद्ध होत नाही, आई. रक्तात काय गेलं ते इथे दिसत नाही."

"मना दिसला तवरा पुरे."

"आणि तुमचा चट्टा?"

"मंगलवारी जाऊ. सोमवारी बोंबील उतरवायचे हायत."

सोमवारी सकाळी प्रणाली पर्स घेऊन निघाली तर राही किरकिरायला लागलेली, हनुवटीवरून लाळेची धार. चंद्राबाईंच्या कमरेच्या पिशवीत डबीचा फुगवटा तसाच होता. प्रणालीने तो पाहिला. तिने पाहिलेलं सासूनेही पाहिलं.

चंद्राबाई मोरीत गेल्या. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, नखं घासली, आणि ओलं बोट थेट सुनेच्या नाकाखाली धरलं.

"वास घे."

साबण. त्याच्याखाली बोंबील. बाकी काही नाही.

"रोज घ्यायचास, जाताना आनि आल्याव. तीस वर्सं डबीत जातंय, ह्या बोटाचा मनाच भरवसा न्हाय."

"दुपारी मी नसते, आई."

"दुपारी नीराबाई शेजारी असते. तिला सांगितलाय, नाकाची तिखट हाय रांड." 

त्यांनी बोट राहीच्या हिरडीवर ठेवलं, नुसतंच. राहीने एक क्षण वाट पाहिली, नेहमीचं बधिरपण येईना, तशी तिने भोकाड पसरलं.

प्रणालीने चपला घातल्या. ते रडणं नाक्यापर्यंत ऐकू येत होतं. ती ते ऐकत ऐकत चालत राहिली.