लेडी टाइडचा शेवट

वेंडेल शाळेची बस चालवायचा आणि बुधवारी भांडायचा. कॉमिक्सचे नवे अंक बुधवारी येतात. दुपारी मुलांना घरोघर पोचवलं की तो तडक लोरेटाच्या दुकानात जाई. त्याचे अंक तिने आधीच वेगळे काढून ठेवलेले असत, पण ते हातात पडायच्या आत दोघांची जुंपलेली असे. डेटन गावातल्या त्या दुकानात वाद एकच, वर्षानुवर्षांचा: सुपरहिरोंच्या सिनेमांत दुसरा भाग कुणाचा भारी, 'नाइट हेरॉन'चा की 'ब्लू मेरिडियन'चा?

वेंडेल हेरॉनवाला. त्यातला कुलूपवाला लॉकस्मिथ म्हणजे खलनायकांचा बाप, असं त्याचं ठाम मत. एकदाही आवाज चढवत नाही, शहरातलं एकेक दार शांतपणे बंद करत जातो आणि हेरॉनला स्वतःच्याच घरात कोंडून चहा पीत बसतो.

लोरेटा मेरिडियनवाली. तिची लाडकी खलनायिका लेडी टाइड, धरणाच्या कामावरून हाकललेली आणि पाण्यावर हुकमत मिळताच अख्खं गाव बुडवायला निघालेली. तिचं नाव निघालं की वेंडेल नाक मुरडायचा. "ती बाई नुसती हसते," तो म्हणायचा. "पूल, पाणी आणि खी खी खी. दुसरं आहे काय तिच्यात?" यावर लोरेटा गल्ल्यावर कोपर टेकून त्याच्याकडे बघत राही, आणि मग लॉकस्मिथच्या मिशांवर घसरे.

खरी गोष्ट अशी की या पठ्ठ्याने मेरिडियनचा शेवट पाहिलाच नव्हता. तरुणपणी त्याने सिनेमा टीव्हीवरून टेप केला होता आणि टेपच्या शेपटावर भावाने अमेरिकन फुटबॉलचा सामना चढवून ठेवला. लेडी टाइड पुलाशी उभी राहून हसते, पाणी चढू लागतं आणि एकदम हिरवं मैदान नि एकमेकांवर आदळणारे धटिंगण. पहिल्याच बुधवारी वेंडेल इतक्या तावातावाने बोलून बसला की मग पाहिलं नाही म्हणायची सोय उरली नाही. पुढे कॅसेट भाड्याने आणून बघता आली असती. पण शेवट आवडला तर? हार मानावी लागणार, वाद मिटणार. बायको गेल्यापासून त्याच्या आठवड्यात बुधवार सोडला तर होतं काय?

आणि गावातल्या जुन्या थिएटरने एका शनिवारी दुपारी दोन्ही दुसरे भाग पाठोपाठ लावले. लोरेटाने दुकान बंद करून दोन तिकिटं काढली. आज काय तो सोक्षमोक्ष लागू दे, म्हणाली. वेंडेलला टाळायला सबब सापडेना.

आधी हेरॉन लागला. लॉकस्मिथ पडद्यावर आला की वेंडेल तिला कोपराने ढोसायचा आणि तीही मान डोलवायची. मिशा सोडल्या तर माणूस झकास आहे, हे तिने चक्क कबूल केलं. मग मेरिडियन. पूल आला, पाणी आलं, बाई हसली. वेंडेल सवयीने फुटबॉलची वाट बघू लागला.

फुटबॉल आला नाही. पिवळी बस आली, शाळेची, मुलांनी भरलेली, आणि थेट पुलावर चढली. लेडी टाइडचं हसू थांबलं. तिने पाण्याला हाताने खूण केली, तसं पाण्याने बस अलगद उचलली आणि काठावर नेऊन ठेवली. त्यात तिची सगळी ताकद संपली. उरली ती एक भिजलेली म्हातारी, कुडकुडणाऱ्या पोरांना आपली शाल देणारी आणि पुन्हा पुन्हा त्यांची डोकी मोजणारी. रोज दुपारी बसमध्ये वेंडेल तेच करायचा. त्याला रडू आवरेना. पॉपकॉर्नच्या पुड्याने त्याने नाक पुसलं.

दिवे लागले. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "तू जिंकलीस. लेडी टाइडच भारी." मनातल्या मनात त्याने बुधवारचा निरोपही घेऊन टाकला.

"शेवट आज पहिल्यांदाच बघितलास ना?" लोरेटाने विचारलं.

वेंडेलचे कान लाल झाले. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच वर्षी. शाळेची बस चालवणारा माणूस, आणि त्या बसबद्दल चकार शब्द काढत नाही?"

"मग बोलली का नाहीस? तिथल्या तिथे गप्प बसलो असतो."

"म्हणूनच नाही बोलले. गप्प बसला असतास, तर बुधवारी आला कशाला असतास?"

 वेंडेलला असं हसू फुटलं की पुढच्या रांगेतली माणसं मागे वळली. बाहेर अजून ऊन होतं. कोट चढवता चढवता तो म्हणाला, तिसरा भाग मात्र हेरॉनचाच भारी, त्यात बोलायची सोयच नाही. आणि मग जरा चाचरत, "पण बुधवार लांब आहे. उद्या तर दुकानही बंद."

"दुकान बंद असलं तरी मी घरी आहे," लोरेटाने त्याच्या हातात हात अडकवला. "खिम्याचा मीटलोफ करते. तू ये आणि तिसऱ्या भागावर हवं ते बोल. पाहिला नसलास तरी चालेल."