मी झुरळांचा खडू, मुक्काम रीडिंग

केटलच्या बुडाखाली एक मिशी हलली, तिथून माझं आयुष्य सुरू झालं.

मी खडू बोलतोय. फळ्यावरचा नव्हे, मला अक्षरं येत नाहीत. मला फक्त रेघ येते, आणि ती ओलांडणारं झुरळ थोड्या वेळानं उताणं पडतं. जानेवारीत पुण्याहून ऋजुताच्या बॅगेतून इथे इंग्लंडात आलो आणि मार्चपर्यंत बॅगेतच राहिलो. त्या सकाळी तिनं चहासाठी केटल उचलली, ती मिशी पाहिली, केटल होती तशी हळूच खाली ठेवली आणि चहा न घेताच कामाला बसली. नंतर मोहरीचा दाणा घरंगळला तरी दचकायची.

मग आईला फोन.

"बॅगेच्या पुढच्या कप्प्यात खडू आहे बघ. मी टाकत होते तेव्हा हसलीस. म्हणे, तिथे कुठली गं झुरळं!"

"तुझ्या पोह्यांतूनच आली असतील."

"माझ्या पोह्यांना नावं ठेवू नकोस."

ऋजुता हसली, पण तिच्या मनानं ते घेतलंच. बॅग आपली, पोहे आपले, म्हणजे झुरळंही आपलीच. पुढच्या महिन्यात भाडेकरार रिन्यू व्हायचा होता. एजंटला कळलं तर घर जाईल. 'तुम्हा लोकांच्या सामानातून येतात' असं तिला कुणी म्हणालं नव्हतं. तिनं ते मनातल्या मनात आधीच ऐकून ठेवलं होतं.

म्हणून कुणाला काही न सांगता ती रोज संध्याकाळी गुडघ्यांवर बसून मला भिंतीच्या कडेनं, कचऱ्याच्या बिनच्या मागून, सिंकखालच्या पाइपाभोवती ओढायची. रेघ सरळ यायची. मी झिजत होतो. झुरळं मरत होती आणि पाइपाशेजारच्या भोकातून नवी येत होती. मला रेघ ओढता येते, भोक बुजवता येत नाही. हे मी तिला कसं सांगणार?

माणसं झुरळाला भितात, पण शेजाऱ्याला कळेल याला त्याहून जास्त भितात.

शुक्रवारी ऋजुता घरूनच काम करत होती. दुपारी शेजारच्या फ्लॅटमधली पूर्वी चहासाठी आलं मागायला आली. पूर्वी नागपूरची, कडेवर वर्षाची मायरा. मायराला खाली ठेवलं आणि ती रांगत थेट माझ्या रेघेपाशी. पांढरं दिसलं की बोट, आणि बोट की तोंड.

मोहरीला दचकणारी ऋजुता तेव्हा दचकली नाही. दोन ढांगांत तिनं पोरीला उचललं आणि हात नळाखाली धरला. बोट तोंडात गेलं नव्हतं. मायरानं भोकाड पसरलं.

"काय आहे ते?" पूर्वीनं विचारलं.

'पीठ' हा शब्द ऋजुताच्या ओठांवर आला होता, मला दिसला. तिनं तो गिळला.

"झुरळांचा खडू. विषारी असतो. माझ्याकडे झुरळं झालीत. बहुतेक मीच आणली."

पूर्वीनं मायराला आपल्याकडे घेतलं. "कधीपासून?"

"मार्च."

"माझ्याकडे फेब्रुवारीपासून आहेत. मला वाटलं, माझ्याकडून तुझ्याकडे जातील. म्हणून तर तुला घरी बोलवत नव्हते."

"आणि मला वाटलं, तुला माझा राग आलाय."

दोघींनी मिळून फरशी तीनदा पुसली. मी आता नखाएवढा उरलोय, झिपच्या पिशवीत, उंच कपाटावर. तक्रार नाही. एकच मागणं आहे: मला टाकाल तेव्हा जपून टाका, लहान हातांना सापडणार नाही असं. आणि माझ्यावर एवढा भरवसा टाकू नका की बोलायचंच राहून जाईल.

खाली बिल्डिंगच्या ऑफिसला फोन लागलाय, स्पीकरवर. पंचवीस मिनिटं होल्डवरचं तेच संगीत वाजतंय. ऋजुता पुटपुटत वाक्य पाठ करतेय, "सॉरी टु बॉदर यू..."

"सॉरीनं सुरुवात करू नकोस," पूर्वी म्हणते.

"आणि करार?"

"करार माझाही आहे. दोघींना काढतील का?"

संगीत थांबतं. एक बाई विचारते, कुठल्या फ्लॅटमधून बोलताय?

ऋजुता पूर्वीकडे बघते. पूर्वी दोन बोटं वर करते.

"टू फ्लॅट्स," ऋजुता म्हणते. सॉरी म्हणत नाही.