द्वाही पडेपर्यंत

मी श्रीधरपंत, न्यायाधीशांच्या कचेरीतला कारकून. कायदा मला तोंडपाठ. आळीत कुणी विचारो न विचारो, मी सांगतोच. परवाच देवळाच्या ओट्यावर बजावलं होतं, की शिपायानं सरकारच्या नावानं द्वाही दिली, म्हणजे थांबण्याची आण घातली, किंवा अंगाला हात लावला, तरच माणूस धरला गेला. नुसतं हटकलं तर खुशाल चालू पडावं.

त्या दिवशी माझी शकू पहिल्यांदाच सासरी निघाली होती, थेट नगरला. "आप्पा, तुम्ही आल्याशिवाय मी गाडीत चढायची नाही," असं तिनं बजावलं होतं. तिच्यासाठी घेतलेला खण गाठोड्यात बांधून मी लगबगीनं परत येत होतो, तर चावडीपाशी गेनबा शिपाई आडवा आला. पेठेत भांड्यांची चोरी झाली होती.

"गाठोड्यात काय हाय? थांबा जरा, आत इचारून येतो," म्हणाला आणि गेला की आत.

आता द्वाही नाही, हात नाही. मी साफ मोकळा होतो. समोरच्या अत्तरवाल्या सिराजला मी हे सगळं नीट समजावून सांगितलं.

"मग जा की, पंत," तो म्हणाला.

"जातोच. मला कोण अडवणार?"

आणि उभा राहिलो. पाय म्हणजे नुसते खांब! सिराजनं दोन गिऱ्हाइकं केली, तिसऱ्याशी हुज्जत घातली, आणि मी आपला गाठोडं छातीशी धरून चावडीच्या दाराकडे बघतोय. एवढा कायदा डोक्यात, पण शिपायाचं पागोटं दिसलं की तो कुठे पळतो देव जाणे.

"अहो पंत, ती तुमच्या शकूची गाडी नव्हे?" सिराज ओरडला.

मुहूर्त टळू नये म्हणून तिला चढवलं असणार; रस्त्याच्या टोकाला गाडी वाघोलीच्या वाटेकडे वळत होती. शकू मागच्या बाजूनं वाकून गर्दीत कुणाला तरी शोधत होती. कुणाला म्हणजे, मलाच. मी धावत सुटलो.

नेमका तेव्हाच गेनबा बाहेर आला. "ओ पंत! श्रीमंतांची द्वाही हाय! जागचं हलू नका!"

झालं. आता मात्र कायद्यानं थांबायलाच हवं होतं. पुढचं प्रत्येक पाऊल म्हणजे गुन्हा, आणि त्याचा दंड किती तेही मला पाठ. मी धोतराचा सोगा वर खोचला आणि आणखी जोरात पळालो.

गाडी गाठली. खण शकूच्या ओटीत टाकला, तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोलणार होतो बरंच काही, पण दम लागला होता आणि रडूही येत होतं. तेवढ्यात मागून गेनबानं माझं मनगट घट्ट पकडलं.

शकू घाबरली. "आप्पा, तुम्हाला धरलंय का हो यांनी?"

"हो बाळ," मी म्हणालो, "आत्ताच."