न वाळलेली पाटी

बाबांच्या जेवणाचा तोल सावरायचाच, असा लेकीनं चंग बांधला होता. ती आहारतज्ज्ञ. बाबांना हृदयाचा पहिला झटका येऊन गेला, तेव्हा तिनं आईच्या स्वयंपाकघराची झडती घेतली आणि निकाल दिला: सूर्यफुलाच्या तेलातून ओमेगा-सहा ढिगानं पोटात जातंय, हृदयाला जपणाऱ्या ओमेगा-तीनचा पत्ताच नाही. मग काय, दर महिन्याला तिच्या शहरातून जवसाच्या तेलाची बाटली येऊ लागली. तापवायचं नाही, जेवणावर चमचाभर कच्चंच घ्यायचं.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवणारे. उभा जन्म जवसाच्या तेलात रंग कालवण्यात गेलेला. पहिल्याच घासाला त्यांनी ताट सरकवलं आणि लेकीला फोन लावला.

"पोरी, पाटी चाटल्यासारखं वाटतं गं."

ती हसली. नाक दाबून गिळा म्हणाली. औषधाला कुणी चव विचारतं का, असंही वर ऐकवलं. त्यानंतर बाबांनी तक्रारीचा शब्द काढला नाही. तिचा फोन आला की पहिला प्रश्न तेलाचा, आणि 'घेतलं' हे उत्तर तयार. खोटं बोलणं त्यांच्या जिवावर येत असणार, पण लेकीचं मन मोडणं त्याहून जिवावर येई. तिलाही ते उत्तर सोयीचं होतं. एक काम हातावेगळं झालं, म्हणून ती पुढच्या पेशंटला आत बोलवायची.

आणि पेशंटशी मात्र ही बाई साखरेहून गोड. नव्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला: तुम्हाला काय आवडतं? मासे चालत नसतील तर अक्रोड घ्या, नाहीतर जवस भाजून कुटा. आणि आधी तळण कमी करा, नुसतं ओमेगा-तीन ओतून तोल साधत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! घरी आईची कढई होती तशीच चालू होती.

दुसऱ्या झटक्यात बाबा गेले.

पाहुणे पांगल्यावर ती गॅलरीतला त्यांचा कोपरा आवरायला बसली. रंगाच्या डब्यांशेजारी तिनं पाठवलेल्या बाटल्या होत्या, काही रिकाम्या, काही अर्ध्या. मागे भिंतीकडे तोंड करून टेकवलेली एक पाटी होती. तिनं ती वळवली. तिच्यावर निळ्या, डौलदार अक्षरांत तिचंच नाव, खाली 'आहारतज्ज्ञ'.

आई दारात येऊन उभी राहिली. "तुझ्या नव्या दवाखान्यासाठी करत होते. पोरीनं पाठवलेलं तेल फेकू कसं म्हणायचे, त्यातच रंग कालवायचे."

"म्हणजे घेतलंच नाही?"

"एक चमचाही नाही. तुला सांगू नको म्हणाले, वाईट वाटेल तिला."

तिनं अक्षराला हात लावला. निळा रंग बोटाला आला. बाजारातल्या रंगाच्या तेलात वाळवायचं औषध असतं, ह्या खायच्या तेलात नव्हतं, असं आई म्हणाली. बाबा रोज सकाळी बोट लावून बघायचे आणि पाटी पुन्हा भिंतीकडे वळवून ठेवायचे.

तिला रडू आवरेना. मग तिनं तो प्रश्न विचारला, जो ती दिवसभर परक्यांना विचारत असे.

"आई, त्यांना काय आवडायचं गं?"

"अक्रोड," आई लगेच म्हणाली. "मूठभर दिले की जेवण विसरायचे."

तिच्या दवाखान्यातल्या टेबलावर अक्रोडांची बरणी कायम उघडी असायची. पेशंटांसाठी.