धुण्याच्या खोलीतली शिडी

मित्रांनो, आमच्या सुनेनं माझ्यावर मोजे वाळत घातले आहेत. ओले, नवऱ्याचे, आणि एकाला अंगठ्यापाशी भोक. जिनं माझ्या अंगावर उभं राहून अख्खी भिंत रंगवली, तिनंच माझी दांडी करून टाकली. आणि मोजे घालताना नजर कुठे? तर जमिनीवर. समोरच्या भिंतीकडे बघवत नाही, म्हणून माझ्याकडेही बघायचं नाही. ही काय रीत झाली?

मी एक जुनी शिडी आहे. लाकडी, घडीची. ज्या सुतारानं मला घडवलं, त्यानं माझ्यासाठी बिनगाठीचं लाकूड निवडलं. "गाठीचं लाकूड ऐन वेळी दगा देतं," असं तो म्हणायचा. माझे दोन पाय पुढे, दोन मागे, आणि मधे दोरी, म्हणजे पाय फाकून मी आडवी होऊ नये. मला विकत घेतलं एका रंगाऱ्यानं. तेव्हा तो पोरगेला होता, आपला मुलूख सोडून नुकताच इकडे आलेला. रात्री उशाला मीच असायची. म्हणून मी त्याला लेक मानते. त्यानं मला आई म्हटलं नाही, पण माझा एक पाय आखूड झाला तेव्हा त्याखाली ठोकळा ठोकला. पोटची पोरं तरी याहून जास्त काय करतात?

आम्ही दोघांनी किती घरं पाहिली! उंच जिने, दवाखान्याचे व्हरांडे, शाळेचे वर्ग. जिथे जाऊ तिथे पांढरं करत सुटलो. लोक म्हणायचे, "वा, काय साफ हात आहे!" माझं नाव कुणी काढलं नाही. शिडीचं असंच असतं. लोक आपल्या अंगावर पाय देऊन वर जातात, आणि वर गेल्यावर छत तेवढं दिसतं.

मग लेकानं लग्न करून बायको आणली. ती माझी सून. तिच्या माहेरी बायका घराच्या भिंती चितारायच्या. आई, काकू, आत्या, सगळ्या मिळून. पिठाचं पांढरं, काजळीचं काळं, गेरूचं तांबडं. इथे मात्र भाड्याचं घर. भिंतीला खिळा मारायचीही चोरी, तिथे चित्र कुठलं काढते? बिचारी माझ्या खालच्या पायरीवर बसून मटार सोलायची आणि बोटानं फरशीवर मासे काढायची. पाणी वाळलं की मासे गायब.

आमच्या इमारतीच्या तळघरात धुण्याची खोली आहे. ओळीनं मशीनं, एक बाकडं आणि समोर ओल आलेली लांबलचक भिंत. लेकानं ती खरवडली, अस्तर मारलं आणि इमारतीच्या रखवालदाराकडून सुनेसाठी मागून घेतली. रखवालदार म्हणाला, "रंगवा, रंगवा. बुरशीपेक्षा काहीही बरं."

मित्रांनो, तिनं माहेरची रेघ आणली, पण चित्रं इथली काढली. मशीनच्या गोल दाराचं तळं केलं आणि आत मासे सोडले. हत्तींच्या रांगेत एक बस घातली, तिला सोंड दिली. नवरीच्या डोक्यावर कलशाऐवजी प्रवासाची बॅग दिली. कपडे धुवायला येणाऱ्या बायका नाना देशांच्या. मशीन फिरत असेपर्यंत एकमेकींकडे पाठ करून बसायच्या. सुनेनं त्यांच्या हातात कुंचले दिले.

"मला नाही गं येत," शिंपीणमावशी म्हणाली. ही तळमजल्यावर कपडे दुरुस्त करायचं दुकान चालवते. गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

"मावशी, ठिपका येतो ना?"

"ठिपका तर माशीलाही येतो!"

"मग माशी व्हा."

सुनेनं सगळ्यांना दोन नियम घातले. पहिला, जागा रिकामी सोडायची नाही. "आमची आई म्हणायची, भिंतीवर जागा रिकामी राहिली म्हणजे पंगतीत कुणीतरी उपाशी राहिलं. पान काढा, ठिपका काढा, पण कुणाला उपाशी ठेवू नका." दुसरा नियम माझा. एकीनं चढायचं, दुसरीनं शिडी धरायची. पहिल्यांदा सगळ्यांसाठी सूनच मला धरून उभी राहायची. तिच्या हाताची ऊब अजून माझ्या बाजूच्या लाकडात आहे. कुणाच्या पोराला ताप, कुणाला नोकरीचा घोर, सगळं त्या पायऱ्यांवरून ऐकू यायचं. धुणं वाळलं तरी बायका घरी जाईनात. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपलं लाकूड सार्थकी लागलं.

मग एका चित्रदालनाच्या बाई भिंत बघायला आल्या. कौतुक केलं, मोठी माणसं घेऊन येते म्हणाल्या. झालं! दुसऱ्या दिवसापासून सुनेची चाल बदलली. "आता घाई आहे, उरलेलं मी एकटीच करते." मधोमध तिनं एक मोठी जागा कोरी सोडली. धुणं घेऊन येणाऱ्या बायकांतल्या एका नर्सनं विचारलं तेव्हा म्हणाली, "ही मागे राहिलेली घरं. इथे काही काढायचं नाही." विचार वाईट नव्हता. मलाही ती जागा बघून माझं झाड आठवलं. पण हे सगळं शिंपीणमावशीला कुणी सांगितलं? ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती.

परतली ती पाहुणे यायच्या आदल्या दिवशी. कोरी जागा बघून हळहळली, "दमली गं पोर! उद्या चार लोकांत हिची शोभा व्हायची." खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मला धरायला कुणी नसताना ती गुडघे गेलेली बाई चढली. एका हातानं मला कवटाळून, दुसऱ्या हातानं काळ्या रंगात पक्षी काढत राहिली. बुटके, गुबगुबीत पक्षी. पिसांच्या जागी धावदोऱ्याचे टाके. जन्मभर जे हातानं केलं तेच भिंतीवर उतरलं. सगळी जागा भरली. कुणी उपाशी राहिलं नाही.

सकाळी सून पाहुण्यांना घेऊन आली. मागे बायका, नवी साडी नेसलेली शिंपीणमावशी, आणि माझा लेक.

"कुणी केलं हे?" सून ओरडली. "नासवलं! माझं चित्र नासवलं!"

मित्रांनो, तो "माझं" शब्द मी ऐकला. बायकांनीही ऐकला. शिंपीणमावशीनं चष्मा काढून पदराला पुसला. "चुकलं गं बाई," ती म्हणाली. "मला वाटलं, राहिलंय." आणि जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी वर निघून गेली. माझा लेक तोंडात मिठाची गुळणी धरून उभा. पाहुणे गेल्यावर सुनेनं मलाच उभं केलं आणि त्या पक्ष्यांवर पांढरा हात फिरवला. माझे पाय तेव्हा का मोडले नाहीत, देव जाणे.

पण काळ्यावर पांढऱ्याचा एक हात कधी पुरत नाही. रंग वाळला तसे पक्षी आतून दिसू लागले. धुक्यात बसल्यासारखे.

तेव्हापासून शिंपीणमावशी घरीच बादलीत कपडे धुते. बायका मशीन लावून निघून जातात. पेल्यातले कुंचले वाळून काटक्या झाले. सून त्या दुकानावरून जायला नको म्हणून मागच्या दारानं ये-जा करते. लेकाची विजार खाली उसवली आहे, तर दुकानात न्यायची सोडून तिला पिना लावल्या. काल इथे खाली धुणं लावताना लेक म्हणाला, "एकदा जाऊन तरी ये तिच्याकडे."

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

"आहे तेच ने. दुसरं कुठून आणणार?"

"त्यापेक्षा तुम्ही त्या भिंतीवर दुसरा हात मारून टाका ना. मला ते पक्षी बघवत नाहीत."

"मी लोकांच्या भिंती पांढऱ्या करतो," लेक म्हणाला. "लोकांची चित्रं नाही. त्या दिवशी बोललो नाही, तीच चूक खूप झाली."

आज दुपारी सून एकटी खाली आली. मोजे काढले, मला उघडलं, काळ्या रंगाची वाटी घेऊन चढली. मला वाटलं, दुसरा हात मारते की काय. तसं नव्हतं. धुक्यातले पक्षी ती पुन्हा गिरवायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पहिलाच पक्षी लांब मानेचा झाला, ऐटबाज, तिच्या माहेरचा. शिंपिणीचा बुटका पक्षी त्याच्याखाली तसाच राहिला. तिनं बोटानं पुसला, डाग पडला. पुन्हा काढला, पुन्हा मान लांब.

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, मला उन्हापावसात टाकू नका, एवढंच मी तुमच्याकडे मागणार होते. पण ते राहू द्या. लाकूड तर आज ना उद्या कुजायचंच. जो तुमच्यासाठी काही धरून उभा राहिला, त्याला जपा.

तिनं तिसऱ्यांदा कुंचला बुडवला तेव्हा मला राहवलं नाही. चौथ्या पायरीपासून मी मोठ्यानं करकरले. सून दचकून थांबली. शिडीची भाषा तिला कळते की नाही, ते ती जाणे. मी बोलले ते असं:

"सूनबाई, उतर खाली. तो टाका तुझ्या हातात नाही, उगीच गिरवू नकोस. ती विजार घे आणि पुढच्या दारानं दुकानात जा. ओरडलीस चार लोकांत, तर चुकलं तेही चार लोकांतच म्हण. आणि ती आली ना, की तू चढायचं नाहीस. ती चढेल. तू मला धरायचं."